२०० फुटांवर दिवे दिसले, तरी निर्णय उशिरा झाला असे का म्हणतात?

उजवी खुर्ची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी दोन इंजिनांच्या जेट विमानावर सहवैमानिक म्हणून अलीकडेच रुजू झाले असून कमी दृश्यमानतेतील लँडिंगचे प्रशिक्षण सध्या घेत आहे. परवाच्या सिम्युलेटर सत्रातला एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅट वन आयएलएस होता (आयएलएस म्हणजे रेडिओ किरणांच्या आधारे उतरणे; कॅट वन, टू, थ्री या त्याच्या उत्तरोत्तर कमी दृश्यमानतेसाठीच्या श्रेणी), आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीवरची मोजलेली दृश्यमानता, ५५० मीटर, मिनिमम, म्हणजे उतरायचे की नाही हे ठरवण्याची उंची, २०० फूट आणि विमान माझ्या हाती. "हंड्रेड अबव्ह" (मिनिममच्या शंभर फूट वर) ही हाक आली तेव्हा काचेबाहेर नुसता करडा पडदा होता. "मिनिमम" कानावर पडले त्याच क्षणी समोर खाली दिव्यांची एक रांग आणि तिला छेदणारी एक आडवी पट्टी उमटली. मी "कंटिन्यू" म्हटले, ऑटोपायलट काढला आणि नजर बाहेर लावली. १५० फुटांच्या आसपास तेच दिवे विरळ होऊ लागले. ते पुन्हा नीट दिसावेत या धडपडीत असेल, पण मी नकळत नाक खाली केले, "ग्लाइडस्लोप" (उतरण्याचा ठरलेला तिरका मार्ग सुटल्याचा) असा इशारा वाजला आणि प्रशिक्षकांनी सिम्युलेटर जागच्या जागी गोठवला. त्यांनी एवढेच विचारले, "निर्णय कधी घेतलात?" मी म्हटले, "मिनिममला." त्यावर "मग उशीरच केलात," असे म्हणून त्यांनी पुढची फेरी लावली.

निर्णयाची उंची असे जिचे नावच आहे, तिथे निर्णय घेतला तर उशीर कसा होतो? दुसरी शंका अशी, की त्याच सत्रात ७५ मीटर आरव्हीआरमध्ये केलेले कॅट थ्रीचे ऑटोलँड, म्हणजे ऑटोपायलटने केलेले लँडिंग, इतके निवांत पार पडले, की दाट धुक्यातले लँडिंग सोपे आणि पातळ धुक्यातले अवघड असे मला वाटू लागले आहे. यात माझी काही समजुतीची चूक होते आहे का?

सिम प्रशिक्षक

तुमच्या प्रशिक्षकांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु तेच वाक्य मीही कित्येकांना ऐकवलेले असल्यामुळे त्यामागचा हिशेब मांडतो.

विमानाचा वेग १४० नॉट धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर या वेगाने तुम्ही सेकंदाला साधारण १२ फूट खाली येता. "हंड्रेड अबव्ह" ते "मिनिमम" हे अंतर झाले आठ सेकंदांचे आणि मिनिममपासून चाके टेकेपर्यंत उरतात जेमतेम सोळा. आता २०० फुटांवर असताना धावपट्टीचा उंबरठा किती दूर असतो ते पाहा. ग्लाइडस्लोप उंबरठ्यावरून सुमारे ५० फूट उंचीने जातो असे धरले, तर तो अजून साधारण ८७० मीटर पुढे असतो. आरव्हीआर आहे ५५० मीटर. याचा अर्थ त्या क्षणी धावपट्टी दिसणे शक्यच नव्हते. दिसणार होते ते फक्त अप्रोच लाइट्स, जे पूर्ण लांबीचे असले तर उंबरठ्याआधी ९०० मीटरपासून सुरू होतात. त्यांतलाही दीड-दोनशे मीटरचा भाग विमानाच्या नाकाखाली झाकला जातो. उरला तो साधारण साडेतीनशे मीटरचा पट्टा, म्हणजे तीस-तीस मीटरवर बसवलेले दहा-बारा दिवे, आणि तेही पाच सेकंदांत पायाखालून निघून जातात.

एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर कोऱ्या मनाने विचार सुरू करायला वेळच नसतो. म्हणून मिनिममला आपण विचार करत नाही, आधी ठरवलेले पडताळून पाहतो. मिनिममपर्यंतचा ठरलेला बेत "गो-अराउंड", म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, हाच असला पाहिजे, आणि अमुक दिवे, अमुक जागी, अमुक दिशेने सरकताना दिसले तरच तो बेत बदलायचा. बहुतेक नवे वैमानिक मनात उलटे धरून येतात: उतरायचेच आहे, काही आडवे आले तरच फिरू. मग दिव्यांची पहिली रांग दिसताच मनाला हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्यालाच आपण निर्णय समजतो. तुमचे "कंटिन्यू" कोणत्या जातीचे होते हे तुम्हालाच ठाऊक, पण ऑटोपायलट काढताना विमान मध्यरेषेच्या डावीकडे होते की उजवीकडे, आणि ते कोणत्या बाजूला सरकत होते, हे आज आठवून सांगता येत नसेल, तर उत्तर तिथेच आहे.

दिवे विरळ होण्याविषयी. आरव्हीआर धावपट्टीच्या कडेला, जमिनीलगत, आडव्या रेषेत मोजलेला असतो, तर तुम्ही तिरक्या रेषेत वरून खाली पाहत असता. धुक्याचा थर सगळीकडे सारखा नसतो. उथळ धुके असेल तर वरून अख्खी धावपट्टी दिसते आणि थरात शिरताच डोळ्यांसमोरचे सगळे पुसले जाते. अशा वेळी नाक वर उचलले गेल्याचा भास होतो, हात आपोआप ते खाली दाबतो आणि जमीन तर शंभर-दीडशे फुटांवर आलेली असते. तुमच्या हातून झाले ते हेच. यावर इच्छाशक्तीचा उपाय चालत नाही, कारण भास हा भास म्हणून कळतच नाही. उपाय आहे कामाच्या वाटणीचा: एकाने बाहेर पाहायचे आणि दुसऱ्याने चाके टेकेपर्यंत उपकरणांवरून नजर हटवायची नाही. धावपट्टी दिसली रे दिसली की दोन्ही डोकी बाहेर वळतात, आणि ही सवय मोडण्यात माझी निम्मी सत्रे खर्च होतात.

मिनिममनंतर गो-अराउंडचा दरवाजा बंद होतो, हा समजही काढून टाका. दिवे गेले, की गो-अराउंड. १५० फुटांवर, ८० फुटांवर, कुठेही.

डावी खुर्ची

प्रशिक्षकांनी पहिल्या शंकेचे उत्तर दिले आहेच. मी दुसरीकडे वळतो. तुमची समजूत चुकलेली नाही. मर्यादेवरच्या हवामानात हाताने केलेले कॅट वन लँडिंग हे, माझ्या मते, विमानवाहतुकीत वैमानिकाच्या वाट्याला येणाऱ्या नेहमीच्या कामांपैकी सर्वांत कठीण काम आहे, आणि तरीही त्याच्याकडे "साधे आयएलएस" म्हणूनच पाहिले जाते.

कारण असे. कॅट वनमध्ये २०० फुटांवर यंत्राकडून माणसाकडे कारभाराचे हस्तांतर होते, तेही माणसाला सर्वांत कमी दिसत असताना. कॅट टूमध्ये मिनिमम १०० फुटांपर्यंत खाली येते आणि पुढे जाण्यासाठी काय दिसले पाहिजे हे अधिक काटेकोरपणे सांगितलेले असते. युरोपीय नियमांत निदान तीन सलग दिवे आणि त्यांच्यासोबत एखादा आडवा घटक, म्हणजे आडवी पट्टी किंवा उंबरठ्याचे दिवे, मागितले जातात. आडवा घटक एवढ्यासाठी, की नुसती सरळ रांग पाहून विमान कलले आहे की नाही ते कळत नाही. कॅट थ्रीमध्ये मिनिमम १०० फुटांच्याही खाली असते किंवा नसतेच, आणि लँडिंग ऑटोपायलट करतो. तिथे तुमचा निर्णय "मला पुरेसे दिसते का" यावरून "यंत्रणा धडधाकट आहे का" यावर सरकलेला असतो, आणि तो निर्णय १००० फुटांवर, शांतपणे, डोळ्यांसमोरच्या पाटीवर लिहिलेले वाचून घेता येतो.

तुमच्या त्या निवांत ऑटोलँडमध्ये कोणतीही यंत्रणा बिघडली नव्हती, हेही ध्यानात ठेवा. ऑटोलँड यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात बिघाड झाला तर विमान भलतीकडे वळत नाही, पण लँडिंग पूर्ण करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि त्या हवामानात तिचा अर्थ गो-अराउंड असाच असतो. दुसऱ्या प्रकारात एक भाग निकामी झाला तरी उरलेले भाग लँडिंग पूर्ण करतात. त्यासाठी अलर्ट हाइट नावाची एक उंची ठरवलेली असते, काही विमानांत १०० फूट, तर काहींत २०० फूट. तिच्या वर बिघाड झाला तर थांबायचे आणि तिच्या खाली काही ठरावीक बिघाड झाले तरी चालू ठेवायचे. पुढच्या सत्रात १२० फुटांवर तांबडा दिवा लागेल आणि ९० फुटांवर वेगळाच. तेव्हा कॅट थ्री सोपे वाटते का, ते इथे येऊन जरूर सांगा.

अपघातांच्या अहवालांतही हेच दिसते. माझ्या वाचनात धुक्यातले किंवा खालच्या ढगांतले जे गाजलेले अपघात आले, त्यांत ऑटोलँड फसल्याची उदाहरणे फार थोडी, आणि मर्यादेखाली "अजून जरा" उतरण्याची पुष्कळ आहेत. २००१ च्या नोव्हेंबरात झुरिकला क्रॉसएअरचे विमान, ग्लाइडस्लोप नसलेल्या अप्रोचवर (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या टप्प्यात), धावपट्टी दिसत नसताना किमान उंचीच्या खाली नेले गेले आणि टेकडीवर आदळले; ३३ पैकी २४ जण गेले. २०१० च्या एप्रिलमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कला दाट धुक्यात उतरणाऱ्या एका विमानाचा नॅव्हिगेटर रेडिओ अल्टिमीटरवरून उंची वाचत होता. खाली दरी असल्यामुळे ते आकडे धावपट्टीच्या तुलनेत प्रत्यक्षापेक्षा जास्त उंची दाखवत होते. त्या विमानातले सर्व ९६ जण गेले. रेडिओ अल्टिमीटर खालची जमीन मोजतो, धावपट्टी नव्हे, हे आपण पाठ म्हणून दाखवतो. तिथे ते विसरले गेले.

मला सर्वांत बोचते ते आयर्लंडमधल्या कॉर्कचे उदाहरण, १० फेब्रुवारी २०११ चे. छोटे टर्बोप्रॉप विमान, धुके, दोन अप्रोच फसलेले, आणि दोन्ही वेळा २०० फुटांची मर्यादा ओलांडून विमान खाली गेलेले. काही काळ घिरट्या घालून तिसरा प्रयत्न झाला. त्यातही विमान मर्यादेखाली गेले, अगदी कमी उंचीवर गो-अराउंड सुरू करताना ते ताब्यातून सुटले आणि १२ पैकी सहा जण दगावले. तेव्हापासून मी स्वतःला एक बंधन घालून घेतले आहे: एक अप्रोच फसला, तर दुसरा करण्याआधी मधल्या वेळात नेमके काय बदलले ते सहवैमानिकाला मोठ्याने सांगायचे. आरव्हीआर वाढला, वाऱ्याने दिशा बदलली, दुसरी धावपट्टी मिळाली, काहीतरी सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही, तर पर्यायी विमानतळाकडे जायचे. हे पहिल्या अप्रोचच्या आधी, इंधनाच्या आकड्यासह, ब्रीफिंगमध्येच बोलून ठेवायचे, कारण फसलेल्या अप्रोचनंतरचे डोके आणि आधीचे डोके सारखे नसते.

आणखी एक नियम तुमच्या कामाचा आहे. आरव्हीआर मर्यादेपेक्षा कमी कळवला गेला असेल, तर बहुतेक नियमावल्यांनुसार धावपट्टीच्या पातळीपासून १००० फुटांखाली अप्रोच नेता येत नाही. १००० फूट ओलांडल्यावर तो घसरला, तर मिनिममपर्यंत जाऊन पाहता येते. निर्णयाचा पहिला टप्पा २०० फुटांवर नव्हे, हजारावर आहे, असेही त्यामुळे म्हणता येईल.

टॉवरवरून

मी वैमानिक नाही, नियंत्रक आहे. पण ऑटोलँडच्या निवांतपणाविषयी वाचून दोन शब्द लिहावेसे वाटले.

ऑटोपायलट ज्या लोकलायझरच्या किरणावर विसंबून धावपट्टीच्या मध्यावर येतो, त्याचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो. त्याच्यासमोरून एखादे मोठे विमान गेले तर किरण वाकडा होऊ शकतो. धुके असताना आम्ही कमी दृश्यमानतेची कार्यपद्धती लागू करतो, ते संवेदनशील क्षेत्र मोकळे ठेवतो, थांबण्याच्या रेषा मागे नेतो आणि दोन विमानांतले अंतर वाढवतो. विमानतळाची क्षमता त्यामुळेच घटते. स्वच्छ हवामानात यांतले काहीही केलेले नसते. सरावासाठी ऑटोलँड करायचे असेल तर टॉवरला आधी कळवा आणि क्षेत्र मोकळे नाही असे उत्तर आले तर हात कंट्रोलवर तयार ठेवा. म्युनिकमध्ये ३ नोव्हेंबर २०११ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ ऑटोलँड करत असताना पुढच्या विमानाच्या उड्डाणाने लोकलायझरचा किरण विचलित झाला आणि हे विमान धावपट्टी सोडून गवतात गेले. कोणाला इजा झाली नाही. दृश्यमानता ऑटोलँडची सक्ती करण्याइतकी वाईट नव्हती आणि कार्यपद्धती लागू नव्हती, ही त्यातली मेख.

आरव्हीआर तीन ठिकाणी मोजला जातो: चाके टेकतात तिथे, मध्यावर आणि शेवटी. आम्ही तिन्ही आकडे वाचतो तेव्हा कृपया तिन्ही ऐकत जा.

उजवी खुर्ची

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सिम प्रशिक्षक सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, विमान कोणत्या बाजूला सरकत होते ते मला आठवत नाही.

आणखी एक विचारते. कॅट टू आणि थ्रीमध्ये निर्णय कॅप्टनचा असतो. मी उपकरणे पाहत आहे, मिनिममची हाक झाली आणि कॅप्टन काहीच बोलले नाहीत, तर मी किती थांबायचे? त्यांनी दिवे पाहिले असतील आणि बोलायला अर्धा सेकंद उशीर होत असेल, अशा वेळी मी विमान वर नेले तर ते अतिरेकाचे ठरेल का?

सिम प्रशिक्षक

अजिबात थांबायचे नाही. मिनिममला अपेक्षित उत्तर आले नाही की गो-अराउंड, आणि ते तुम्ही करायचे. इतर टप्प्यांत दोनदा हाक मारून उत्तराची वाट पाहण्याची पद्धत आहे. शंभर फुटांवर दुसऱ्या हाकेला जागा नाही. मी हे करून घेतो ते असे: कॅप्टनला आधी कानात सांगून ठेवतो, की डोळे उघडे, हात कंट्रोलवर, मान ताठ, फक्त मिनिममला तोंड उघडायचे नाही. बेशुद्ध होऊन कोसळलेला माणूस ओळखायला कोणालाही वेळ लागत नाही. अवघड असतो तो जागा दिसणारा, पण तिथे नसलेला माणूस. पहिल्या वेळी बहुतेक सहवैमानिक कॅप्टनच्या चेहऱ्याकडे वळून पाहतात आणि त्या पाहण्यातच वीस-तीस फूट जातात. दिवे दिसत असूनही तुम्ही विमान वर नेलेत, तर एक फेरी वाढेल. त्याबद्दल कोणी बोल लावत असेल, तर दोष त्याच्या शिकवणीत आहे.

इतक्या खालून गो-अराउंड करताना चाके धावपट्टीला स्पर्श करून जाऊ शकतात. त्याने बिचकू नका, इंजिने ताकद घेईपर्यंत विमान थोडे खाली बसतेच; नाक ठरलेल्या कोनावर ठेवा आणि नजर उपकरणांवर. धुक्यात जोराने वेग वाढला की पाठ खुर्चीत रुतते आणि नाक फार वर गेल्याचा भास होतो. २००० च्या ऑगस्टमध्ये बहरीनला गल्फ एअरचे विमान रात्री गो-अराउंड करताना याच भासातून समुद्रात गेले असे तपासात मांडले गेले. १४३ जण गेले. सिम्युलेटर हा भास पूर्णपणे उभा करू शकत नाही, त्यामुळे सत्रात तो जाणवला नाही म्हणून प्रत्यक्षात जाणवणार नाही असे समजू नका.

निवृत्त वैमानिक

इथल्या एका गृहीताला मला हरकत घ्यायची आहे. सगळे असे धरून चालले आहेत, की मर्यादेवरच्या कॅट वनमध्ये जो विमान उडवतो त्यानेच बाहेर पाहायचे आणि त्यानेच उतरवायचे. आम्ही वेगळे शिकलो होतो. अप्रोच सहवैमानिक उडवत असे, आणि कॅप्टन "हंड्रेड अबव्ह"पासून फक्त बाहेर पाहत असे. पुरेसे दिसले तर कॅप्टन विमान हाती घेऊन उतरवी. मिनिममला त्याच्याकडून शब्द आला नाही तर सहवैमानिक, ज्याची नजर उपकरणांवरून हललेलीच नसे, सरळ वर जात असे. ब्रिटिश कंपन्यांत ही पद्धत अनेक वर्षे रुजलेली होती. त्याच मंडळींनी १० जून १९६५ रोजी ट्रायडंट विमानाने प्रवाशांसह पहिले स्वयंचलित लँडिंग केले, तेव्हा धुक्याविषयी त्यांचे मत हलके घेण्यासारखे नाही. या पद्धतीत, बाई, तुमच्या हातून नाक खाली गेलेच नसते, कारण बाहेर पाहण्याचे काम तुमचे नसते.

डावी खुर्ची

पद्धत उत्तम आहे, हे मान्य. परंतु तिची किंमतही मोजावी लागते. दीडशे-दोनशे फुटांवर विमान एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कॅप्टनने तोवर कंट्रोलला हातही लावलेला नसतो, त्यामुळे आडवा वारा असेल तर विमानाचा कल त्याला त्या क्षणी पहिल्यांदा हाताला लागतो. रोज या पद्धतीने उडणाऱ्यांना ते जमते. वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये करणाऱ्यांना ते जमेल असे मी म्हणणार नाही. कंपनीने जी पद्धत लावली आहे तीच मनापासून पाळावी, आपल्या मनाने मिसळ करू नये.

जाता जाता एक साधी गोष्ट विचारतो: खुर्चीची उंची तुम्ही कशी लावता?

उजवी खुर्ची

कॅप्टन, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मधे पुढचे सत्र झाले. मी खुर्ची सोयीने लावत होते. काचेच्या मधल्या खांबावरचे, डोळ्यांची योग्य उंची दाखवणारे लाल-पांढरे गोळे एकमेकांमागे झाकले जातील अशा बेताने बसून पाहिले, तेव्हा कळले की आजवर मी दोन बोटे खाली बसत आले होते आणि नाकाने झाकलेल्या पट्ट्यात माझे दोन-तीन दिवे जात होते.

तोच अप्रोच पुन्हा मिळाला. या वेळी "मिनिमम"ला रांग आणि पट्टी दिसली, विमान किंचित उजवीकडे होते आणि मध्याकडे सरकत होते, म्हणून "कंटिन्यू" म्हटले. १४० फुटांवर दिवे विरळ झाले आणि मी गो-अराउंड केला. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या फेरीत त्यांनी ९०० फुटांवर आरव्हीआर ४०० झाल्याचे कळवले आणि मी लगेच विमान वर नेले. ते म्हणतात, हजार ओलांडले होते, नियमाने मिनिममपर्यंत जाऊन पाहता आले असते, इंधनही होते, मग फेरी का वाया घालवलीत? मी म्हणते, ४०० मध्ये मिनिममला काय दिसणार हे मला त्याच क्षणी ठाऊक होते. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि इथल्या मंडळींचे मत वाचायला मला आवडेल.